वलंदेजांचा घुमट

वडील गेले तो बुधवार होता. सहा वाजता त्यांनी चहा घेतला. सात वाजता आईनं त्यांना हाक मारली तेव्हा ते बोलले नाहीत. आठ वाजता मी शाळेत चिठ्ठी पाठवली. दुपारी पवनेच्या काठावर सगळं झालं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीतले लोक त्यांच्याविषयी बोलले. कोणाच्या दाराची चौकट त्यांनी ओळंब्यात आणून दिली होती, कोणाच्या चुलीचा धूर बाहेर काढून दिला होता. मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. रोज वर्गात उभं राहून बोलणारी मी, पण मला जे सांगायचं होतं ते सुरतेचं होतं आणि ते चार वाक्यांत बसणारं नव्हतं. म्हणून आता सावकाश लिहिते आहे.

माझे वडील गवंडी होते. चाकणजवळच्या आमच्या गावात शेती नव्हती म्हणून तरुणपणी ते चाकणच्या एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रींच्या हाताखाली लागले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. जुन्या मशिदी, दर्गे, विहिरींची बांधकामं यांची डागडुजी ते करत, आणि सगळी चुन्यात. वडिलांना थापी हातात मिळायला बरीच वर्षं लागली. तोवर ते चुना मळत आणि विटा भिजवत. बासष्ट साली ते आम्हाला घेऊन पिंपरीला आले. कारखान्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि गवंड्यांना काम भरपूर होतं, पण ते सिमेंटचं. चुना मळता येणाऱ्या माणसाचा इथे कोणाला उपयोग नव्हता. पुढे एका कंपनीत ते इमारतींच्या देखभालीला लागले. पडद्या बांधायच्या, फरशी बसवायची, गळती बंद करायची. ते काम त्यांनी चोख केलं, पण त्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत. बोलायचे ते उस्तादांबद्दल.

उस्तादांचं एक वाक्य ते पुन्हा पुन्हा सांगत. "ईंट को ईंट पकडती है. लकडी तो अपने डर के वास्ते है." घुमट बांधताना खाली लाकडाचा साचा उभा करतात, ज्याला आता सगळे सेंट्रिंग म्हणतात, तो लागतच नाही, असं उस्तादांचं म्हणणं होतं. विटांची एक कडी पुरी झाली की ती स्वतःला धरून ठेवते. मग तिच्यावर दुसरी, थोडी लहान. अशी वर जात जात शेवटी मिटवायची. पण असा घुमट बांधायचं काम उस्तादांना वडील बरोबर असताना कधी मिळालं नाही. जुन्या घुमटांना बाहेरून गिलावा करणं एवढंच मिळालं. नंतर उस्ताद वारले.

वस्तीत विहार बांधायचं ठरलं तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. दर रविवारी श्रमदान चाले. शिफ्टवरून आलेले लोक तसेच घमेली उचलायला येत. भिंती वडिलांनी उचलल्या. छपराची वेळ आली तेव्हा त्यांनी घुमट सुचवला. एरवी सभेत न बोलणारा माणूस, म्हणून सगळे वळून बघू लागले. वस्तीतलाच एक तरुण, डिप्लोमा करून एका कंपनीत ओव्हरसियर झालेला, तो आदरानंच म्हणाला की काका, एवढ्या घुमटाच्या सेंट्रिंगला घरभर लाकूड लागेल, ते आणायचं कुठून?

"लाकूड लागत न्हाई," वडील म्हणाले.

"तुम्ही बांधलाय का असा?"

"बांधला न्हाई. पाहिला पन न्हाई. ऐकलाय."

"घुमट ऐकायचा असतो का काका?" तो म्हणाला आणि सगळे हसले. वडीलही हसले. त्या दिवशी विहारावर तात्पुरते पत्रे टाकायचं ठरलं.

घरी येऊन ते जेवले नाहीत, असं काही झालं नाही. ते जेवले. पण हात धुताना मला म्हणाले, "तुझ्या पुस्तकात घुमट आस्तो का गं?"

मी तेव्हा वाचनालयातून पुस्तकं आणायची. इतिहासाची जास्त. शोधत शोधत मला सुरत सापडली. तापीच्या काठी डच व्यापाऱ्यांनी वखार घातली होती आणि त्यांचे मोठे लोक तिथेच मेले, तिथेच पुरले. त्यांच्या थडग्यांवर विटांचे आणि चुन्याचे घुमट आहेत असं त्या पुस्तकात लिहिलं होतं. इंग्रजांनी आपल्या माणसांसाठी मोठी थडगी बांधली म्हणून डचांनी त्याहून मोठी बांधली, असंही होतं. जुन्या मराठी कागदांत डचांना वलंदेज म्हणतात. तो शब्द मी वडिलांना सांगितला आणि त्यांना तो फार आवडला. दोन दिवस ते येता जाता म्हणत होते, वलंदेज. त्यांनी विचारलं, त्यांच्या मुलखात दगड हाय का? मी वाचलेलं सांगितलं की तिथे डोंगरच नाहीत, नदीचा गाळ आहे, त्यामुळे घरं, चर्च, पूल, सगळं विटांचं.

"म्हंजी वीटवालेच की," वडील म्हणाले. तिथून त्यांच्या मनात वलंदेजांबद्दल आदर सुरू झाला. जगात गोऱ्या लोकांतही गवंड्यांचा एक देश आहे, असं काहीसं.

सुरतेला माझा मामा होता. रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. शेजाऱ्यांना वडिलांनी सांगितलं की सुरतेला वखार बघायला चाललोय. शेजारी म्हणाले की चिंचवडात काय वखारी कमी हायेत? आमच्याकडे वखार म्हणजे लाकडाची किंवा कोळशाची, दुसरी कोणती वखार लोकांना माहीत नव्हती. "बरं, चाललाच हायेत तर सागवान बघून ठेवा राव. पोरीच्या लग्नाला पलंग करायचा हाय." वडील बरं म्हणाले. ते कोणालाही बरंच म्हणत.

दादरला गाडी बदलून आम्ही सकाळी सुरतेला उतरलो. मामाची ड्युटी होती, त्यानं आम्हाला टांग्यात बसवून दिलं आणि तो कामावर गेला. टांगेवाल्याला पत्ता मी सांगितला. मी शिकलेली होते आणि माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, डच वखार. त्यानं फक्त वखार ऐकलं, मान हलवली आणि घोडा हाकला.

तो आम्हाला लाकडाच्या वखारीत घेऊन गेला. तापीच्या अंगाला एक मोठं आवार होतं, ओंडके रचलेले, करवती चाललेल्या, भुश्याचा वास. मला वाटलं, याच्या मागे असेल. मी मालकाला विचारलं. मालक भला माणूस होता. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि माप विचारलं. मी त्याला इतिहास सांगू लागले, तो मला लांबी-रुंदी विचारत राहिला. माझं मराठी आणि त्याची गुजराती यांत बराच वेळ गेला. मग त्याचा मुनीम जेवून येईपर्यंत थांबलो, कारण मुनिमाला मराठी येत होतं. मुनीम आला आणि त्यालाही डच म्हणजे काय ते माहीत नव्हतं. या सगळ्या वेळात वडील ओंडक्यांमधून हिंडत होते, लाकडाच्या रेघांवरून बोट फिरवत होते. शेवटी मी दमून म्हटलं, वलंदेज हो, वलंदेज. तेव्हा करवतीपाशी बसलेला एक म्हातारा कामगार हसायला लागला.

"वलंदा?" तो म्हणाला. "ए तो कब्रस्तान."

वलंदेज हा शब्द आधी उच्चारला असता तर आम्ही सकाळीच पोचलो असतो. मी पुस्तकातला नवा शब्द वापरला आणि जुना वहीत राहिला.

कब्रस्तानात पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फाटकाच्या आत गेल्यावर मी जागीच थांबले. मला वाटलं होतं थडगी म्हणजे चौथरे असतील. ही तर घरं होती. आठ कोनांची, दुमजली, खांबांच्या ओळी, कमानी, वर घुमट. काहींचा गिलावा पडला होता, काहींवर पिंपळ उगवला होता, तरी त्यांचा डौल जराही कमी झाला नव्हता. वडिलांनी चप्पल काढली. का काढली, ते मी विचारलं नाही. ते एकेका इमारतीला फेरी घालत होते, थांबून कोपरा डोळ्यानं तपासत होते. एका कमानीखाली त्यांनी हात टेकला आणि म्हणाले, "ह्यो मिस्त्री घाईत न्हवता."

पण घुमट आतून बघायचा तर वर जावं लागत होतं. ज्या थडग्याला जिना होता त्याच्या जिन्याला कुलूप होतं. राखणदार म्हणाला की वेळ संपली, उद्या सकाळी या. उद्या वडिलांची पहिली शिफ्ट होती. खालून बघितलं तर तळमजल्याच्या छताला आतून गिलावा होता, विटा झाकलेल्या.

परतीच्या गाडीत मी रडले. माझ्या एका शब्दापायी अख्खा दिवस वखारीत गेला होता. वडील खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "सागवान मात्र बेस व्हतं."

वस्तीत ही गोष्ट पसरली. मिस्त्री घुमट बघायला गेले आणि लाकूड बघून आले, असं लोक म्हणत. ओव्हरसियर तरुणानं ते कधी म्हटलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं लिहायला हवं. पण विहारावरचे पत्रे तात्पुरते होते ते तसेच राहिले. पावसात त्यांचा एवढा आवाज होई की वंदना म्हणणाऱ्याचं तोंड हलताना दिसे आणि ऐकू काही येत नसे. वडील मागच्या रांगेत बसून वर बघत.

मी त्यांना म्हणत होते, पुढच्या दिवाळीत जाऊ. पुढच्या दिवाळीत माझी डी.एड.ची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या वेळी आई आजारी होती. मग मला शाळेत नोकरी लागली. मग कंपनीत संप झाला. आणि त्या काळात वडिलांची छाती बिघडली. आयुष्यभर चुना, सिमेंट आणि विटांची धूळ आत गेली होती. दहा पावलं चालली की थांबत. डॉक्टरांनी कामावर जाऊ नका म्हणून सांगितलं. घरी बसल्यावर ते घुमटाबद्दल बोलेनासे झाले. त्याची मला जास्त भीती वाटली.

त्या जानेवारीत मी शाळेतून रजा काढली आणि त्यांना घेऊन निघाले. आई म्हणाली की असल्या छातीनं कुठे नेतेस? मी म्हटलं, छाती चांगली होती तेव्हा मी त्यांना वखारीत नेलं होतं.  आईनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

या वेळी मामानं रजा घेतली होती. सकाळी आठलाच आम्ही कब्रस्तानात होतो. राखणदार नवा होता. त्यानं जिन्याचं कुलूप काढलं आणि उन्हात बसून राहिला. जिना भिंतीच्या पोटात होता, अरुंद, उंच पायऱ्यांचा. वडील चार पायऱ्या चढले. पाचव्या पायरीला त्यांनी भिंत धरली. मग खाली बसले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मामा म्हणाला, "भाऊजी, मी पाठीवर घेतो." पण त्या जिन्यात एका माणसालाच खांदे वाकडे करावे लागत होते.

वडिलांनी हातानंच त्याला नको म्हटलं. मग मला म्हणाले, "तू जा. आन् मला सांग."

ते भिंतीला टेकून सरकले आणि मी अंग चोरून त्यांच्या शेजारून वर गेले. वरच्या दालनाला सगळीकडून कमानी होत्या आणि सकाळचा उजेड आत भरला होता. वर घुमट. मधल्या मोठ्या भागातला गिलावा पडून गेला होता आणि विटा उघड्या होत्या, जणू कोणी आमच्यासाठीच ते काम करून ठेवलं होतं. त्या उंच, रिकाम्या, शांत गोलाखाली मी मान वर करून उभी राहिले.

"दिसला का?" खालून आवाज आला.

"दिसला आबा. फार सुंदर आहे."

"सुंदर हाय ते मला हितनं ठावं हाय. वीट सांग."

"विटा गोल लावल्यात."

"गोल म्हंजी कशा? दोरखंडावानी फिरत गेल्यात, का एकेक कडी पुरी झालीय?"

मी एका विटेवर नजर ठेवली आणि तिच्या शेजारून निघून घुमटाला पूर्ण फेरी घातली. नजर परत त्याच विटेवर आली. "एकेक कडी. वरची लहान होत जाते."

"विटेचं डोकं दिसतंय का कूस?"

"डोकं. आखूड बाजू."

"आता चुना बघ. दोन विटांच्या मधला. सपाट हाय का? फळीवर दाबल्यावानी?"

ते तेवढ्या खालून दिसत नव्हतं. मी कमानीच्या ओट्यावर चढले, खांबाला हात घालून घुमटाखाली आत झुकले. माझा आवाज वर घुमून खाली जात होता, म्हणून मी हळू बोलले.

"सपाट नाही. बाहेर आलाय. ओठासारखा. काही ठिकाणी ओघळून तसाच वाळलाय."

"सगळीकडं?"

"दिसतं तिथे सगळीकडे."

"फळीचा ठसा? लाकडाच्या रेघा?"

मी फिरून सगळं बघितलं. घाई केली नाही. "नाहीत आबा. कुठेच नाहीत."

 खालून मामानं विचारलं, काय झालं भाऊजी? आणि वडील म्हणाले, "लाकूड न्हवतं." मग पुन्हा म्हणाले, "आयला, लाकूडच न्हवतं."

खाली येईपर्यंत मला अर्थ कळला होता. खाली फळ्यांचा साचा असता तर विटांमधला ओला चुना फळ्यांवर दाबून सपाट झाला असता, फळीची नक्षी त्यात उमटली असती. इथे चुन्याखाली काहीच नव्हतं, नुसती हवा. म्हणून तो बाहेर ओघळला आणि तिथेच वाळला. त्या काळी कोणीतरी त्या उंचीवर, खाली आधार नसताना, कडीवर कडी चढवत गेलं होतं. मी इतकी वर्षं पुस्तकं वाचली, पण भिंत कशी वाचायची ते त्या जिन्यात शिकले, तेही वर उभी राहून, खाली बसलेल्या माणसाकडून.

तिथून आम्ही नदीवर गेलो. वलंदेजांनी एके काळी काठावर बाग केली होती, ती जागा मामानं दाखवली. आता तिथे तसं काही नव्हतं, फक्त तापीचं रुंद पाणी आणि काठावर वाळत टाकलेले कपडे. मी वडिलांना थडग्यांवरच्या लेखांबद्दल सांगत होते. ती भाषा मला वाचता येत नव्हती, पण वयाचे आकडे कळत होते, आणि पुष्कळ जण तरुण होते. काही तर लेकरं होती. समुद्र ओलांडून माल न्यायला आले आणि तापानं मेले. वडील म्हणाले की माल नेला तो नेलाच, ते काय चांगलं न्हाई. पण मेलेल्या माणसासाठी एवढं नीट घर बांधायचं, ते घर कच्चं नको म्हणायचं, हे त्यांना मोठं वाटलं. मग म्हणाले, "नकाशा वलंदेजाचा आसंल. वीट कुनी लावली? हितल्याच कुनीतरी लावली. उस्तादासारख्यानं." त्या माणसांची नावं कुठल्याही दगडावर नव्हती.

पिंपरीला आल्यावर ते ओव्हरसियरकडे सांगायला गेले नाहीत. मी म्हटलं तर म्हणाले, "सांगून काय व्हतंय? त्याला दाखवाय पायजे."

मोशीच्या वीटभट्टीवरून त्यांनी विटा मागवल्या, निवडक, खणखणीत वाजणाऱ्या. चुना मिळवायला मला पुण्यात हिंडावं लागलं. आमच्या खोलीच्या मागे मोकळी जागा होती, तिथे त्यांनी नमुना बांधायला घेतला. हात पसरले तर मावेल एवढी रुंदी. सकाळी तासभर काम आणि मग दिवसभर पडून राहायचं. दररोज एक कडी. विटा मी भिजवून द्यायची, चुना आईनं मळला. मधोमध जमिनीत एक खुंटी रोवून तिला दोरी बांधली होती आणि प्रत्येक वीट त्या दोरीनं मापली जात होती. लाकडाचं काय म्हणाल तर ती खुंटी एवढंच. वीट चुन्यात दाबली की ते हात काढून घेत आणि आम्ही तिघं श्वास धरून बघत असू. वीट राही. शेवटच्या दिवशी वर पंजाएवढं भोक उरलं. त्यात बसेल अशी वीट त्यांनी थापीनं घडवली, दोनदा घासली, आणि बसवली.

रविवारी विहार समितीचे लोक आले. ओव्हरसियरही आला. तो गुडघ्यांवर बसून खाली वाकला, तळाशी ठेवलेल्या भोकातून आत बॅटरी मारली, चुना बघितला. बराच वेळ बघितला. उठून म्हणाला की काका, माझं चुकलं. मग सगळ्यांदेखत नमुन्यावर चढून उभा राहिला. आई ओरडली. नमुना हलला नाही. वडील मला म्हणाले, "ऊन झालं, चहा ठेव." त्या दिवशी विहारावर घुमट करायचा असं समितीनं ठरवलं. वडिलांनी बाजेवर बसून सांगायचं आणि दोन तरुण गवंड्यांनी बांधायचं. पावसाळा संपला की सुरुवात करायची होती.

पावसाळा संपायच्या आत तो बुधवार आला.

त्या दोन तरुण गवंड्यांनी प्रयत्न केला. ते आमच्याकडे येऊन नमुना बघून जात, मला विचारत. मी त्यांना चुन्याबद्दल, कडीबद्दल, मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. पण मला सांगता येत होतं, दाखवता येत नव्हतं. वीट हातातून कधी सोडायची हे मी शब्दांत सांगू शकले नाही. तिसऱ्या कडीला त्यांना भीती वाटली आणि ती भीती बरोबर होती. खाली बसणारी माणसं आमचीच होती. ओव्हरसियर माझ्याकडे येऊन बसला, आणि मीच त्याला म्हटलं की स्लॅब घाला.

विहारावर आता स्लॅब आहे. पावसात वंदना नीट ऐकू येते. आमच्या खोलीच्या मागे कमरेएवढा एक घुमट आहे. दोन्हीकडे पाणी गळत नाही.